भाड्याचा शेड विकत घ्यायचाय? सरकारी हमीच्या कर्जाची फाइल अशी लावा

इंदूरात सांवेर रोड असो, पालदा असो की पोलोग्राउंड, भाड्याच्या शेडात मशिनं लावून बसलेल्या माणसाला कधी ना कधी मालकाचा निरोप येतोच : जागा काढतोय, पहिला हक्क तुमचा, महिन्याभरात काय ते सांगा. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं मुद्रा घे, कुणी म्हणतं पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेत, सबसिडी आहे. एखादा साडू छातीठोकपणे सांगतो की आता दहा कोटींपर्यंत बिनातारण मिळतं, बजेटमध्येच आलंय.

नोकरीची बहुतेक वर्षं मी बँकेत लघुउद्योगांच्या कर्जाच्या टेबलावर काढली. आता निवृत्त आहे, लोकमान्य नगरात राहते, आणि संध्याकाळी कुणी ना कुणी प्लास्टिकच्या पिशवीत कागद भरून येतं. फाइली लावून देणं हा माझा धंदा नाही. पण कागद बघितल्याशिवाय राहवत नाही, सवयच तशी. मध्यंतरी पुतण्याचा एक मित्र आला होता. नमकीनवाल्यांना पुठ्ठ्याचे खोके पुरवतो. पालद्यात भाड्याचा शेड, त्यात कॉरुगेशन आणि पेस्टिंगची मशिनं, वर्षाचा टर्नओव्हर आठ कोटींच्या आसपास. मालकाला शेड विकायचा होता, किंमत १ कोटी ६० लाख. या एका फाइलीत जवळजवळ सगळे प्रश्न निघाले, म्हणून त्याच्याच क्रमाने सांगते.

आधी तुमचा खाना कोणता ते बघा

सरकारी हमी, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेचं बरंचसं नुकसान भरून देण्याची सोय, मिळते ती 'मायक्रो' आणि 'स्मॉल' उद्योगांना. 'मीडियम'ला ती मिळत नाही. तेव्हा पहिला प्रश्न योजनेचा नाही, तुम्ही कुठे मोडता याचा. हे ठरवतो २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा एमएसएमईडी कायदा. त्याच्या कलम ७ प्रमाणे मर्यादा केंद्र सरकार अधिसूचना काढून बदलू शकतं, त्यासाठी संसदेत नवा कायदा आणावा लागत नाही. म्हणून हे बदल गाजावाजा न होता लागू होतात आणि आपल्याकडे लोक जुनेच आकडे घेऊन बसलेले असतात.

सुरुवातीला हिशेब फक्त मशिनरीतल्या गुंतवणुकीचा होता. कारखान्यासाठी वेगळा, सेवा देणाऱ्यांसाठी वेगळा. १ जुलै २०२० पासून हा भेद गेला आणि गुंतवणूक व टर्नओव्हर दोन्ही बघायला लागले. मग १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा पुन्हा वाढवल्या : गुंतवणुकीची अडीच पट, टर्नओव्हरची दुप्पट. आज मायक्रो म्हणजे मशिनरीत अडीच कोटींपर्यंत आणि टर्नओव्हर १० कोटींपर्यंत. स्मॉल म्हणजे २५ कोटी आणि १०० कोटी. मीडियम १२५ कोटी आणि ५०० कोटी. दोन्हीपैकी एक जरी मर्यादा ओलांडली तरी वरच्या खान्यात जाता.

आमच्या खोकेवाल्याचा २०२० च्या हिशेबाने खाना स्मॉल होता, कारण तेव्हा मायक्रोची टर्नओव्हर-मर्यादा पाच कोटी होती. आता तो मायक्रो झाला. हमीच्या दृष्टीने त्याला फार फरक पडला नाही, तो आधीही आत होता. खरा फरक पडला दाल मिलवाल्यांना. इंदूरमध्ये दाल मिल म्हणजे काय ते सांगायला नको : मशिनरी बेताची, मार्जिन चिमूटभर, आणि माल इतका फिरतो की टर्नओव्हर डोळे दिपवतो. सत्तर कोटींचा टर्नओव्हर असलेली मिल मार्च २०२५ पर्यंत मीडियम होती, हमीच्या बाहेर. एप्रिलपासून तीच मिल स्मॉल. आपलं नशीब बदललंय का, हे मिलवाल्यांनी स्वतःहून कुणाला विचारलंय की नाही, कोण जाणे. ज्यांना पूर्वी "तुम्ही बसत नाही" म्हणून परत पाठवलं होतं, त्यांनी पुन्हा विचारायला हवं.

आता एक गोष्ट, जी दहातल्या आठ लोकांना उलटी वाटते. गुंतवणूक मोजताना जमीन आणि इमारत धरत नाहीत. फर्निचरही नाही. फक्त प्लँट, मशिनरी आणि उपकरणं, तीही इन्कम टॅक्स रिटर्नमधल्या घसारा वजा केलेल्या किमतीने. म्हणजे दोन कोटींचा शेड घेतलात तरी त्या शेडामुळे तुमचा खाना बदलत नाही. "शेड नावावर आला की आपण मोठे होऊ आणि सवलती जातील" ही भीती काढून टाका. निर्यातीची विक्रीही टर्नओव्हरमध्ये धरत नाहीत. मात्र एकाच पॅनवर दोन-तीन युनिटं असतील तर सगळ्यांची बेरीज होते. वेगवेगळ्या नावांच्या पाट्या लावून काही होत नाही, पॅन एक तर उद्योग एक.

आणि वाढता वाढता खरंच वरच्या खान्यात गेलात तर घाबरून टर्नओव्हर दाबू नका. ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने वरच्या खान्यात गेल्यावरही आधीच्या खान्याचे करेतर फायदे तीन वर्षं चालू ठेवले आहेत.

हे सगळं कागदावर दिसतं ते उद्यम प्रमाणपत्रात, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीच्या दाखल्यात. उद्यम पोर्टलवर आधार आणि पॅनने नोंदणी होते आणि ती फुकट आहे. तशाच दिसणाऱ्या साइट काढून पैसे उकळणारे खूप आहेत, पत्ता नीट बघा. आधी नोंदणी असेल तर जुनं प्रिंटआउट बँकेत नेऊ नका. पोर्टल तुमचे आकडे रिटर्न आणि जीएसटीवरून उचलतं. आधी तिथले आकडे अपडेट आहेत का ते बघा आणि ताजं प्रमाणपत्र काढा. खोकेवाल्याच्या जुन्या प्रमाणपत्रावर मुख्य काम 'ट्रेडिंग' लागलं होतं, कारण कुणा एजंटाने घाईत कामाचा चुकीचा कोड निवडला होता. होलसेल आणि रिटेल व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यममध्ये घेतलं खरं, पण त्यांना फायदा फक्त प्राधान्य क्षेत्राच्या (बँकांनी ठरावीक प्रमाणात द्यायच्याच) कर्जापुरता. खोके बनवणारा माणूस कागदावर व्यापारी दिसला की फाइल चुकीच्या रांगेत लागते. कोड दुरुस्त करून मगच पुढे जायचं.

जागेसाठी कोणती योजना आणि कोणती नाही

पीएमईजीपी बाद. ती नव्या युनिटसाठी आहे, कारखान्याला प्रकल्पखर्च ५० लाखांपर्यंत, आणि त्या खर्चात जमिनीची किंमत धरताच येत नाही. सबसिडी मोहाची आहे, पण ती या कामाची नाही.

मुद्राची मर्यादा ऑक्टोबर २०२४ मध्ये २० लाख झाली, तीही ज्यांनी आधीचं मुद्राच्याच 'तरुण' गटातलं कर्ज नीट फेडलंय त्यांना. वीस लाखांत इंदूरात शेड नाही, शेडाचं छप्पर येईल. आपल्या मध्य प्रदेशची मुख्यमंत्री उद्यम क्रांती योजना चांगली आहे, कारखान्याला ५० लाखांपर्यंतच्या कर्जावर सात वर्षं तीन टक्के व्याज-अनुदान मिळतं. पण ती नवा उद्योग काढणाऱ्या तरुणांसाठी. मुलगा नवं काहीतरी सुरू करत असेल तर जरूर बघा. २०२५ साली मशिनरीसाठी आणखी एक हमी-योजना आली, १०० कोटींपर्यंतच्या कर्जाची. तीत प्रकल्पाच्या खर्चाचा मोठा भाग मशिनरीवर हवा. जागा घेणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

उरते सीजीटीएमएसई. केंद्र सरकार आणि सिडबी (लघुउद्योगांसाठीची सरकारी वित्तसंस्था) यांनी २००० साली काढलेला हा हमी देणारा ट्रस्ट. तो कर्ज देत नाही. कर्ज तुमची बँकच देते. ते बुडालं तर ट्रस्ट बँकेच्या नुकसानीचा ठरावीक हिस्सा भरून देतो, साधारण ७५ ते ८५ टक्के, महिलांच्या उद्योगाला त्याहून जास्त. हमीची मर्यादा एप्रिल २०२३ मध्ये दोन कोटींवरून पाच कोटी झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून दहा कोटी. साडूचा आकडा बरोबर आहे. फक्त 'मिळतं' हा त्याचा शब्द जरा घाईचा आहे. दहा कोटींपर्यंत बँकेला हमी घेता येते, बँकेने ती घ्यायलाच हवी असं नाही.

आणि ही हमी बँकेसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. ट्रस्टने बँकेला पैसे दिले म्हणून तुमचं कर्ज फिटत नाही. बँक तुमच्याकडून वसुली करतच राहते. "सरकारने हमी घेतलीय, आता काय" असं म्हणत हप्ता चुकवणारे मी टेबलावर पाहिलेत. त्यांचं पुढे काय झालं ते इथे नको.

मग हमीचा तुम्हाला उपयोग काय? खोकेवाल्याच्या फाइलीत हा प्रश्न अगदी उघडा पडला. तो शेड घेणार, तो शेड बँकेकडे गहाण राहणार. बँकेचा साहेब म्हणाला, एवढ्याने भागणार नाही, आईच्या नावावरचं सुदामा नगरातलं घरही तारण द्या. खोकेवाला कागद घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काकू, आईला कसं सांगू?"

इथे नियम नीट समजून घ्या. कर्जाच्या पैशातून जी मालमत्ता उभी राहते आणि धंद्याशी थेट जोडलेली जी मालमत्ता आधीपासून मोकळी आहे, ती 'प्रायमरी सिक्युरिटी'. हमी असली तरी ती बँक घेणारच, म्हणजे शेड गहाण राहणारच. त्याच्या बाहेरचं, आईचं घर, सासऱ्यांचा प्लॉट, काकांची सही, हे सगळं तारण आणि तिऱ्हाइताची जामीनकी. कर्जाच्या ज्या भागाला हमी लावली त्या भागासाठी बँक हे मागू शकत नाही. मालक आणि भागीदार स्वतः जामीन राहतात, ते चालतं. पण धंद्यात नसलेल्या बायकोची किंवा आईची जामीनकी नाही. २०१८ पासून 'हायब्रिड' सोयही आहे : कर्जाच्या काही भागाला तारण आणि उरलेल्या भागाला हमी.

थोडक्यात, हमीची किंमत म्हणजे दरवर्षीचं शुल्क आणि तिचं मोल म्हणजे आईचं घर मोकळं. शुल्काचा दर लहान कर्जाला ०.३७ टक्क्यापासून सुरू होतो आणि रकमेबरोबर वाढतो. बँका ते बहुतेक वेळा ग्राहकाकडूनच घेतात. तुमच्या रकमेला किती लागेल ते बँकेकडून लेखी घ्या आणि वर्षाच्या हिशेबात धरा. एक टक्का धरला तरी त्याच्या १ कोटी २० लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी १ लाख २० हजार. मी त्याला म्हटलं, एवढ्यात आईची झोप मिळत असेल तर घे. घर आधीच तुझ्या नावावर असतं आणि बँकेने त्यावर व्याज कमी केलं असतं, तर कदाचित वेगळं सांगितलं असतं.

साहेबाकडे जाऊन "हमी लावा" असं मोघम बोलू नका. "तिऱ्हाईत तारणाऐवजी सीजीटीएमएसई कव्हरचा विचार करावा" असं अर्जात लिहा आणि अर्जाची पोच घ्या. लेखी मागितलेली गोष्ट नाकारायला लेखी कारण द्यावं लागतं, आणि कारण लिहायचं म्हटलं की माणूस नियम उघडून बघतो. हे मी टेबलाच्या पलीकडून सांगतेय.

जागेचे कागद : फाइली इथेच अडकतात

पात्रतेचं सगळं एका दुपारचं काम आहे. जागेचं नाही. कर्ज नामंजूर झालं असं लोक सांगतात तेव्हा पुष्कळदा अडलेली असते ती मालकाची जागा.

आधी जागा कोणाची ते विचारा. सांवेर रोडच्या सेक्टरांमध्ये प्लॉट जिल्हा उद्योग केंद्राच्या लीजवर असतात, पीथमपूरला, जे खरं तर धार जिल्ह्यात आहे, औद्योगिक विकास निगमाच्या. तिथे मालक तुम्हाला जमीन विकत नाही, लीजचा उरलेला हक्क देतो. त्याला विभागाची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं. गहाणाला विभागाची एनओसी लागते. लीजची उरलेली मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा पुरेशी जास्त हवी. भू-भाटक (जमिनीचं भाडं) आणि संधारण (देखभाल) शुल्क मालकाने थकवलेलं असेल तर ते आधी भरल्याशिवाय एनओसी नाही. हे बयाना देण्याच्या आधी बघायचं, नंतर नाही. तिथे एक जमेची बाजू अशी की एकदा एनओसी आली की मालकीचा घोळ फारसा उरत नाही.

खासगी जागेत उलटं. परवानगी कुणाची नको, पण मालकी तीस वर्षं मागे जाऊन तपासावी लागते. बँकेच्या पॅनलवरचा वकील सर्च रिपोर्ट काढतो तो याचसाठी. खोकेवाल्याचा शेड असा खासगी. मालक गृहस्थ भले, वागायला गोड, कागद मात्र वडिलांच्या वेळचे. वडील गेले, दोन भावांनी आपसात वाटणी करून या शेडाचं नामांतरण एकाच्या नावावर करून घेतलं. देवासला दिलेली एक बहीण आहे हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. वकिलाच्या लक्षात होतं. नामांतरण म्हणजे मालकी नव्हे, ती महसुलाची नोंद आहे. बहीण वारस आहे आणि तिने हक्कत्याग रजिस्टर करून दिल्याशिवाय विक्री स्वच्छ नाही. भावाने बहिणीला किती वर्षांनी फोन केला हे मी विचारलं नाही. पण ती आली, आणि तिने आपला हिस्सा मागितला. हे बोलणं संपेपर्यंत फाइल थांबली. खरेदीदाराने यात पडायचं नाही, फक्त बयान्याच्या करारात एक ओळ असू द्यायची : मालकी बँकेच्या वकिलाला मान्य झाली नाही किंवा कर्ज मंजूर झालं नाही तर बयाना परत. ही ओळ नसेल तर सही करू नका.

दुसरा घोळ डायव्हर्शनचा, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करून घेण्याचा. खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या महसुली उताऱ्यात, जमीन अजून शेतीची दिसत असेल तर बँक हात लावत नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर मालकाने स्वतः हिशेब करून रक्कम भरायची सोय झाली आहे, पण पूर्वी अर्ध्याच क्षेत्राचं डायव्हर्शन केलेलं आणि शेड पूर्ण क्षेत्रावर, असं हमखास आढळतं. बी-वन (खात्याचा उतारा) आणि खसरा स्वतः काढा, मालकाने दिलेली झेरॉक्स पुरेशी नाही. विकास योजनेत ती जागा औद्योगिक आहे की रहिवासी, ते नगर तथा ग्राम निवेश (नगररचना) विभागाच्या नकाशावर बघा. रहिवासी पट्ट्यात वर्षानुवर्षं कारखाना चालू आहे म्हणून तो कायदेशीर होत नाही.

तिसरा, बांधकामाचा नकाशा. पालद्यातल्या त्या शेडाला मागे पत्र्याची पडवी वाढवलेली होती, आणि पेस्टिंगचं मशिन नेमकं तिथे. मंजूर नकाशात ती नाही. व्हॅल्युअर टेप घेऊन आला, पुढचा शेड मोजला, पडवीकडे बघितलं आणि वहीत काही लिहिलं नाही. मालक किमतीत तिचे पैसे धरून बसला होता. बँकेच्या लेखी ती नव्हतीच. यावरून किंमत पुन्हा बोलता येते आणि बोलायलाच हवी.

काही जण सुचवतात, रजिस्ट्री बायकोच्या नावाने करा, महिलेला नोंदणी शुल्कात सवलत आहे. सवलत आहे हे खरं. पण धंदा तुमच्या नावावर, कर्ज धंद्याच्या नावावर आणि जागा बायकोच्या नावावर असली की ती जागा तुमच्या धंद्याची मालमत्ता राहत नाही. बँक विचारणार, मग आम्ही कर्ज कशाला देतोय? बायको खरोखर धंद्यात असेल तर भागीदारी करा आणि जागा फर्मच्या नावाने घ्या. शुल्क वाचवायला मालकी फिरवू नका.

पैशांचा हिशेब

मालकाने पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं : एक दहा कागदावर, पन्नास हातात, म्हणजे १ कोटी १० लाखांची रजिस्ट्री आणि ५० लाख रोख. हे इंदूरला नवं नाही, आणि लोकांना वाटतं त्यात रजिस्ट्रीचा खर्च वाचतो. वाचतोच. पण कर्ज घेऊन खरेदी करणाऱ्याला हे परवडत नाही, आणि ते आकड्यांत मांडलं की चटकन पटतं.

बँक कागदावरच्या किमतीच्या ७५ टक्के देणार असं धरा. एक दहावर कर्ज मिळेल ८२ लाख ५० हजार. म्हणजे घरचे २७ लाख ५० हजार आणि वरचे ५० लाख, एकूण ७७ लाख ५० हजार स्वतःचे उभे करायचे. पूर्ण १ कोटी ६० लाख कागदावर घेतले तर कर्ज १ कोटी २० लाख आणि घरचे फक्त ४० लाख. मुद्रांक आणि नोंदणी मिळून शहरात साडेबारा टक्क्यांच्या आसपास धरली, तर त्या जादा ५० लाखांवर सव्वासहा लाख जास्त जातील. सव्वासहा लाख खर्चून साडेसदतीस लाख मोकळे झाले. शिवाय मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्यावर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो, हे मालकाच्या कानावर हळूच घाला. आमच्या मालकाने कर-सल्लागाराला विचारलं आणि किंमत थोडी वाढवून पूर्ण कागदावर तयार झाला. पडवीचा मुद्दा काढून ती वाढ परत खाली आणली.

पण इथे आणखी एक खड्डा आहे. घरचे ४० लाख जमवले म्हणजे झालं असं नाही. रजिस्ट्रीचे वीसेक लाख बँक देत नाही. त्यात प्रोसेसिंग फी, वकील, व्हॅल्युअर, हमीचं पहिलं शुल्क, विमा. साठ लाखांच्या वर तयारी हवी. खेळत्या भांडवलातून हे काढलं तर शेड तुमचा होईल आणि कागदाचे रोल आणायला पैसे उरणार नाहीत. पन्नास लाखांवरच्या खरेदीत एक टक्का टीडीएस कापून मालकाच्या नावे भरायची जबाबदारी तुमची, हेही लक्षात असू द्या; तो पैसा मालकाच्याच रकमेतून जातो.

हप्ता : १ कोटी २० लाख, दहा टक्के, दहा वर्षं, म्हणजे महिना सुमारे १ लाख ५९ हजार. भाडं होतं ८५ हजार. मधले चौऱ्याहत्तर हजार दर महिन्याला कुठून येणार, याचं उत्तर प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नव्हे, तुमच्या वहीत असायला हवं. साहेब बघतो तो डीएससीआर : वर्षाला सगळे हप्ते फेडायला धंद्यातून किती पैसा हाताशी येतो. शेडाचे वर्षाचे १९ लाख आणि आधीच्या मशिनच्या कर्जाचे ३ लाख, एकूण २२ लाख. हाताशी साधारण ३१ लाख. गुणोत्तर १.४. एवढ्यावर साहेब चहा मागवतो. १.२ च्या खाली असेल तर मुदत वाढवून मागा किंवा कर्ज कमी घ्या. फुगवलेले विक्रीचे अंदाज लावू नका. जीएसटीचे आकडे त्याच स्क्रीनवर दिसत असतात.

मंजुरीपत्र आलं की

पहिल्या पानावरची रक्कम बघून पेढे आणू नका, शेवटची पानं वाचा. अटी तिथे असतात. हमीचं शुल्क कोण भरणार, तिऱ्हाइताची सही कुठे घुसवलीय का, विमा विशिष्ट कंपनीचाच घ्या असं काही आहे का. आमच्या फाइलीत आईची 'जामीनदार' म्हणून सही मागणारी ओळ छापील फॉर्ममधून तशीच आली होती. अर्जाची पोच दाखवली, ओळ गेली.

व्याजाचा दर कशाला जोडलाय ते बघा. मायक्रो आणि स्मॉल उद्योगांच्या बदलत्या दराच्या नव्या कर्जांना बँकांनी १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारखा (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर) बाहेरचा मापदंड लावायचा आहे. रेपो खाली आला की तुमचा दरही यायला हवा. किती महिन्यांनी बदलणार तेही पत्रात असतं. मुदतीआधी फेडीचा दंड हा आणखी एक मुद्दा : रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या, मायक्रो-स्मॉल उद्योगांच्या बदलत्या दराच्या कर्जांवर व्यापारी बँकांना तो लावता येत नाही. छोट्या वित्त बँका आणि ग्रामीण बँकांना ही मोकळीक ठरावीक रकमेपर्यंतच्या कर्जापुरती आहे. जुन्या छापील करारात दंडाची ओळ अजून दिसते. दिसली की विचारा.

रजिस्ट्रीच्या दिवशी बँकेचा धनादेश मालकाच्या नावाने थेट निघतो, तो तुमच्या हातात येत नाही. त्या दिवसापर्यंत मालकाकडून मालमत्ता कर, विजेचं बिल आणि पाण्याची थकबाकी शून्य झाल्याच्या पावत्या घेऊन ठेवा. मूळ रजिस्ट्री बँकेकडे जाईल, तिची प्रमाणित प्रत आधी काढा. गहाणाची नोंद बँक सरसाईवर, म्हणजे गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत, करते. ती तुमच्या बरोबर नावाने आणि बरोबर खसरा नंबराने झाली का ते महिन्याभरात तपासा. नगर निगमातलं नामांतरण आणि वीज कंपनीकडचं औद्योगिक कनेक्शन आपल्या नावावर करून घेणं लोक वर्षानुवर्षं टाळतात. कनेक्शन जुन्या मालकाच्या नावावर राहिलं तर त्याची अनामत रक्कम त्याचीच राहते आणि लोड वाढवायच्या अर्जावर त्याची सही लागते. खोकेवाल्याने नवं डाय-पंचिंग मशिन बुक केलंय, त्याला लोड वाढवून हवा आहे, म्हणून त्याला मी रजिस्ट्रीच्या आठवड्यातच वीज कंपनीत अर्ज द्यायला सांगितलं.